बॉनेटवरचा केशरी चेहरा

मागच्या सीटवरून त्याचा चेहरा कधीच दिसायचा नाही. दिसायची फक्त मान, आणि मानेवरून मागे ओढले गेलेले, वाऱ्यात सापडल्यासारखे केस. भोसरी मागे पडून माळ सुरू झाला की ड्रायव्हरमामा एक खटका ओढायचे. पुढचे मोठे दिवे लागायचे आणि त्यांच्याबरोबरच बॉनेटच्या टोकावरचं ते मुठीएवढं डोकं आतून उजळायचं. मधाच्या बाटलीमागे कुणी मेणबत्ती धरावी, तसं. रस्ता खडीचा होता, गाडी हिंदकळायची, पण ते डोकं जराही हलायचं नाही. आजूबाजूचा माळ निळा होत जायचा, बाभळी काळ्या होत जायच्या, आणि तो एकटा पुढे बघत आम्हाला ओढून नेतो आहे असं वाटायचं.

गाडी अमेरिकन होती. लांबलचक, पावट्याच्या शेंगेसारख्या हिरव्या रंगाची. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथे यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आले होते, त्यांची ती गाडी. पण साहेबांना कारखान्याची जीपच आवडायची, त्यामुळे गाडी रोज त्यांच्या पत्नीला घेऊन जायची यायची. या मॅडम पॅकिंगच्या खात्यात आमच्या बायकांना काम शिकवायच्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि बायकांना इंग्रजीचा. मधे मी होते.

बॉनेटवरचा चेहरा कुणाचा, हे मी मॅडमना विचारलं होतं. अमेरिकेतल्या मूळच्या लोकांपैकी एका सरदाराचा, असं त्या म्हणाल्या. ते लोक गोऱ्यांशी लढले आणि हरले. "आणि मग आम्ही त्यांचं डोकं गाड्यांवर बसवलं," मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "हरलेल्या माणसाशी असं वागणं विचित्रच, नाही?" मला उत्तर सुचायला वेळ लागतो, आणि सुचेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

मी बोलणारी मुलगी नव्हतेच. वडील लष्कराच्या कोठारात स्टोअरकीपर होते, आणि त्यांच्या एका साहेबानं शब्द टाकला म्हणून मला पुण्याच्या कॅम्पातल्या नन्सच्या शाळेत जागा मिळाली. शाळेत माझं इंग्रजी घरच्या वळणाचं होतं आणि घरी माझं मराठी शाळेच्या वळणाचं होतं. दोन्हीकडे कुणी ना कुणी हसायचं. म्हणून दोन्हीकडे गप्प राहायचं, हे मी फार लवकर ठरवून टाकलं. पण दुसऱ्याचं बोलणं बोलायला मला भीती वाटत नाही, हे मला पॅकिंगच्या खात्यात पहिल्याच दिवशी कळलं.

त्या दिवशी टेबलाशी बसलेल्या एकीनं मॅडमच्या बांगड्या नसलेल्या हातांकडे बघून मला विचारलं, "बाई, त्यास्नी इचारा की, नवरा हाय का गेला?"

मी मॅडमना सांगितलं, "तुमचे पती कसे आहेत, असं विचारतायत."

"छान आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण घोरतात."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. सगळं टेबल असं हसलं की शिफ्टचा मुकादम दारातून डोकावून गेला. ते हसू माझ्या तोंडून बाहेर पडलेल्या वाक्यावर होतं, पण माझ्यावर नव्हतं. घरी जाताना मागच्या सीटवर मी ते पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

त्या नोकरीला वडिलांनी परवानगी दिली ती एका अटीवर. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा फार कडक नव्हते, पण दिघीत आम्ही बाहेरचे होतो, दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिलेले, आणि लग्नाच्या वयाची मुलगी कारखान्यात जाते ही गोष्ट तेव्हा त्या आळीत कुणी पाहिलेली नव्हती. ते म्हणाले, "गाडीत बाईमाणूस असते, ते ठीक आहे. पण दिवेलागणीच्या आत घरात. ज्या दिवशी दिवे लागल्यावर आलीस, त्या दिवशी नोकरी संपली."

घड्याळाची वेळ त्यांनी सांगितली नाही, कारण आमच्या आळीत वेळ अशीच सांगत. वीज नव्हती. सांज झाली की घराघरातल्या बायका कंदिलाच्या काचा पुसायच्या, देवापुढे दिवा लावायच्या, मग उंबऱ्याशी कंदील टांगायच्या. ती वेळ म्हणजे दिवेलागण. लेकीसुनांनी तोपर्यंत घरात असायचं, हे कुणी कुणाला शिकवत नसे.

मॅडमचा बंगला येरवड्याच्या बाजूला होता. मुंबई रस्त्याची गर्दी त्यांना नको असायची, म्हणून गाडी भोसरीवरून दिघीला यायची, मला आळीच्या तोंडाशी सोडायची आणि तशीच पुढे जायची. भाद्रपदात मी आले की ऊन अजून भिंतींवर असायचं. दसऱ्याला ड्रायव्हरमामांनी गाडीला झेंडूचा हार घातला, तेव्हा उन्हं उतरलेली असायची. आणि दिवाळीनंतर दिवस असा भराभर लहान होत गेला की भोसरीलाच दिवे लावावे लागायचे.

मला आतून भीती वाटायची. पण खरं सांगायचं तर दिवसातला तोच वेळ मला सर्वांत आवडायचा. मॅडम डोळे मिटून बसायच्या. मामा हळू आवाजात काहीतरी गुणगुणायचे. चढ संपला की खाली दिघी दिसायची, म्हणजे दिसायची नाही. टेकडीच्या पायथ्याशी नुसता एक काळा ठिपका असायचा. आणि आमची गाडी उताराला लागली की त्या काळ्यात एक दिवा लागायचा. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग पलीकडे चार-पाच एकदम. जणू तो केशरी चेहरा नुसता बघायचा आणि जिकडे बघेल तिकडे दिवा लागायचा. मी आळीच्या तोंडाशी उतरेपर्यंत आई समईची वात सारखी करत असायची. रोज मी अगदी काठावर पोचायचे. नशीब, असं मला वाटायचं.

मुंबईहून कारखाना बघायला पाहुणे येत, त्यांच्या गाड्यांच्या नाकांवरही काय काय असायचं. पंख पसरलेला पक्षी, विमान, वाऱ्यात पुढे झुकलेली बाई. बहुतेक नुसत्या चकचकीत पत्र्याचे. एकदाच संध्याकाळी फाटकातून बाहेर पडणाऱ्या एका गाडीवर मी निळसर काचेचे पंख उजळलेले पाहिले होते. तो पक्षी रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला तरी मी तिथेच उभी होते. मॅडम मागून येऊन म्हणाल्या, "आपला सरदार बरा. तो निदान रोज आपल्याबरोबर येतो."

दिघीत मात्र त्याला सरदार कुणी म्हणत नव्हतं. आमच्या घरमालकीणबाईंना सगळी आळी आत्याबाई म्हणायची. त्यांचं अर्धं रान लष्कराच्या हद्दीत गेलेलं, उरलेल्या अर्ध्यात ज्वारी. एकदा गाडी थांबलेली असताना त्या थेट बॉनेटसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्या उजळलेल्या तोंडाला नीट निरखू लागल्या.

"मुखवटा हाय ह्यो," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, तो देव नाही," मी म्हटलं. "शोभेचा आहे. काचेसारखंच काहीतरी आहे."

"मला काय येडी समजतीस व्हय गं? दिसतंय की काच हाय. पर तोंड हाय, आन् तोंडात उजेड हाय. असल्या तोंडाला पाठ दाखवू नये, येवढंच मला ठावं हाय." आणि त्या खरंच दोन पावलं मागे सरकत मगच वळल्या. मॅडमनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं. मॅडम पुढे झुकून बॉनेटकडे बघू लागल्या.

थंडी वाढली, तसं एका रात्री जेवताना दादा घास हातात धरून थांबले.

"आज स्टोअरमध्ये एकजण काय म्हणाला माहीत आहे? 'काय राव, तुमच्या कन्येची पालखी निघते म्हणे रोज, पुढे मशाल लावून!' सगळे हसले."

"हसू देत," आई म्हणाली.

"हसू देत कसं? तो केशरी दिवा भोसरीच्या चढावरून दिसतो. लष्कराच्या चार गाड्या जातात, कुणी मान वर करत नाही. ही आली की सगळ्या दिघीला कळतं." ते माझ्याकडे वळले. "तो दिवा बंद करायला सांग त्या ड्रायव्हरला. नाहीतर मी सांगतो."

मी सांगू शकणार नाही हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच माझ्याबरोबर आळीच्या तोंडाशी आले. मॅडम गाडीत कागद वाचत बसलेल्या होत्या. मामा खाली उतरले. लढाईत ट्रक चालवलेला साताऱ्याकडचा माणूस, पण दादांपुढे हात मागे बांधून उभे राहिले.

"साहेब, त्याची वायर मोठ्या दिव्यांच्या वायरीला हाय. ते लागले की ह्यो लागतो. आतला बल्ब काढायचा तर सरदाराचं मुंडकं पिरगाळावं लागंल, ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"मग झाका काहीतरी घालून."

मामांनी डोकं खाजवलं. त्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून निघताना त्यांनी खिशातून एक कुंची काढली. तान्ह्या मुलाला घालतात तशी, जाड कापडाची, आत अस्तर, कडेला जर. त्यांच्या बायकोनं धाकट्यासाठी शिवलेली होती. ती त्यांनी सरदाराच्या डोक्यावरून खाली ओढली आणि हनुवटीखाली बंदांची गाठ मारली.

मॅडम दाराशीच थांबल्या. "हे काय?"

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा, ताई, थंडीनं काच तडकती म्हणून."

मी सांगितलं.

"त्यांना सांग, आमच्याकडे सहा-सहा महिने बर्फात उभ्या असतात या गाड्या."

मी सांगितलं.

"मग सांगा की," मामा म्हणाले, "तिकडची थंडी येगळी आन् इकडची येगळी."

मी तेही सांगितलं. मॅडमनी मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या जरीच्या कुंचीकडे पाहिलं. मग "बरं," एवढंच म्हणून त्या आत बसल्या. त्यांना काय समजलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी मागच्या सीटवरून पुढे नुसता काळा गोळा दिसत होता. मोठे दिवे रस्त्यावर पडले होते, पण गाडी कुणाचीही असावी तशी वाटत होती. चढ संपला. खाली टेकडीचा पायथा काळा. आम्ही उताराला लागलो. मी वाट बघत राहिले. एक दिवा नाही, दोन नाहीत. अर्धा उतार झाला, ओढा ओलांडला, तरी काळंच. वाटलं, गाव सोडून सगळे कुठे निघून तर गेले नाहीत?

आळीच्या तोंडाशी उतरले आणि अंदाजानं चालू लागले. वर चांदण्या निघाल्या होत्या. ओट्यांवर बायका बसलेल्या होत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या, चेहरे दिसत नव्हते. आमच्या दारात आई उंबऱ्यावर बसली होती. पुसलेला कंदील मांडीजवळ, काड्याची पेटी हातात.

"कोण?"

"मी आहे, आई."

"तू? अगं, गाडी कुठे आली?"

"आली. आत्ताच गेली."

"ती? ती लष्कराची ना?"

तेवढ्यात मागून दादा आले. ते त्या दिवशी मुद्दाम लवकर घरी येऊन, आळीच्या टोकाला पिंपळाखाली माझी वाट बघत उभे होते. "काय चाललंय हे?" ते म्हणाले. "रात्र पडली आणि घरात दिवा नाही? कुणाच्याच घरात दिवा नाही?"

शेजारच्या ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज आला.

"गाडी यायची हुती न्हवं, भाऊसाहेब."

"गाडीचा आणि दिव्यांचा काय संबंध?"

"काय म्हणजे? तुमीच घातली ना अट, दिवे लागायच्या आत पोरीनं घरात यावं म्हणून? वैनींनी सांगितलं मला. दिवाळीच्या पुढं एक दिस बघितलं, वैनी कंदील पुसून नुसत्याच बसल्यात, लावत न्हाईत. म्हणलं, घासलेट संपलं का काय? तर म्हणत्यात, लेक यायचीय. मग एकटीनंच कशाला बसायचं? आमी बी बसलो. चढावर तो मुखवटा दिसला की काडी वढायची, असं ठरलं समद्यांचं. आज मुखवटाच दिसला न्हाई. मग लावायचे कसे?"

अंधारात कुणीतरी खुदकन हसलं. आणखी कुणीतरी तिला "गप की गं" म्हटलं.

"म्हणजे मला फसवलंत," दादा म्हणाले. ते आईला म्हणाले की आत्याबाईंना, कळलं नाही.

"फसवलं कुठं?" आत्याबाई म्हणाल्या. "तुमची पोरगी रोज दिवे लागायच्या आतच आली. आज बी आलीया. बघा की, हाय का कुठं एक तरी दिवा?"

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास मला चांगला माहीत होता. हसण्यावारी नेलं म्हणून ते ऐकणार नव्हते. आज आळीसमोर गप्प बसतील, उद्या सकाळी मला म्हणतील, राहू दे आता नोकरी. आणि मग मी पुन्हा त्या दोन खोल्यांत, दोन्हीकडे गप्प.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की हे सगळं इंग्रजीत कसं सांगितलं असतं. ती माझी सवयच झाली होती. कुणी काही बोललं की मनात त्याचं दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार व्हायचं. पण इथे सांगायला कुणाचं वाक्य नव्हतं. आईनं तिचं केलं होतं, आत्याबाईंनी त्यांचं बोलून टाकलं होतं. दादांनी अंधारात माझ्याकडे तोंड केलं.

"तुला माहीत होतं हे?"

"नाही," मी म्हटलं. आणि पुढचं कसं निघालं कोण जाणे. "पण दादा, मी उशिराच येणार आहे. काम सुटतं तेव्हाच सुटतं. संक्रांतीपर्यंत अंधारच होणार. उद्यापासून दिवे वेळेला लावू देत. मी दिवे लागल्यावर येईन. आणि मला जायचंय."

एवढं लांब मी दादांशी कधी बोलले नव्हते. आळीत कुणी हललं नाही.

"रोज?" दादांनी विचारलं.

"रोज."

मग दादा आईला म्हणाले, "दिवा लाव आधी. देव अंधारात बसलेत."

आईनं काडी ओढली. आत्याबाईंच्या ओट्यावरही एक काडी ओढली गेली, आणि मग आळीभर. उजेडात मी दादांकडे बघितलं नाही, त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. झोपायच्या आधी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या कुंचीचं सांग उद्या. लहान मुलाला लागत असेल." यापलीकडे हो किंवा नाही, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी कुंचीचं दादांचं बोलणं मी मामांना सांगितलं. संध्याकाळी खटका ओढला तेव्हा सरदार उघड्या डोक्यानं उजळला. मॅडम म्हणाल्या, "थंडी कमी झाली वाटतं." मी ते मामांना सांगितलं, आणि मामा आरशात बघून हसले.

चढ संपला आणि मी पुढे सरकून बसले. खाली दिघी होती. सगळीच्या सगळी, अगोदरपासून. टेकडीच्या पायथ्याशी लहान लहान पिवळे दिवे, काही जवळजवळ, काही एकटे, कुठे एखादा चालत जाणारा. इतके दिवस मी या उतारावरून आले होते, पण मी यायच्या आधी गाव कसं दिसतं ते कधी पाहिलंच नव्हतं. ते माझ्यासाठी थांबलेलं नव्हतं. भाकऱ्या थापल्या जात असतील, गुरांना वैरण पडली असेल, कुणी कुणावर ओरडत असेल. मला ते इतकं सुंदर वाटलं की मॅडमना दाखवावं म्हणून मी वळले, तर त्या आधीच बघत होत्या.

आळीच्या तोंडाशी गाडी थांबली. कंदील घेऊन दादा उभे होते. मी दार उघडून उतरले, पण ते माझ्याकडे आले नाहीत. ते बॉनेटपाशी गेले. कंदील खाली ठेवून ते वाकले, त्या चेहऱ्यासमोर, अगदी जवळून, स्टोअरमध्ये आलेला नवा माल तपासावा तसे. मग त्यांनी एक बोट त्याच्या कपाळाला लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"चांगलाच तापतो की हा," ते मामांना म्हणाले.

"तर हो, साहेब. रोजचा जागता हाय."

मॅडमनी काच खाली केली आणि मला विचारलं, हे गृहस्थ काय म्हणतायत?

मी त्यांचं बोलणं सांगितलं नाही. मी म्हटलं, "हे माझे वडील आहेत."